‘उतरला’ म्हणण्याआधी

८ जानेवारी

चि. कलमबाईस,

आशीर्वाद पाकिटात मावले तेवढे घातले आहेत. उरलेली जागा नोटिशीनं खाल्ली.

लहानपणी तू कानामागे पेन खोचून घरभर फिरायचीस म्हणून मी तुला कलमबाई म्हणायला लागलो. तू खरंच वकील होशील आणि मलाच तुझी गरज लागेल, असं तेव्हा कोणी म्हटलं असतं तर त्याला मी हुकाला टांगला असता. तर बाई, साहेबांच्या कुंड्यांना पाणी घालणं आता पुरे कर आणि थोरलीला वाचव!

मागच्याच्या मागच्या नोव्हेंबरात एक जहाज धक्क्याला लागलं. माल उतरवायचं कंत्राट जहाज कंपनीनं मला दिलं होतं. त्यात एक भली मोठी लाकडी पेटी होती. आत बारा लाकडी घोडे, मुलं वर बसून गोल फिरतात ते, आणि मधला लोखंडी खांब. पेटीचा धनी स्वतः धक्क्यावर आलेला, गळ्यात कॅमेरा. आम्ही त्याला घोडेवाला म्हणतो. थोरलीनं पेटी अशी अलगद खाली आणली की आत खरे घोडे असते तर झोपमोड झाली नसती. माझी पद्धत तुला ठाऊक आहे. पेटी टेकली की मी जवळ जातो, बोटांच्या पेरांनी तीनदा ठोकतो आणि ओरडतो, ‘उतरला!’ त्या शब्दावर ड्रायव्हर दोर ढिला सोडतो, त्या शब्दावर मोजणीकारकून वहीत खूण करतो. त्या दिवशीही ठोकलं, त्या दिवशीही ओरडलो. आणि त्यानंतर, कलमबाई, *त्यानंतर*, पेटी आपली आपण कलंडली. बूड कुजकं होतं, दुसरं काय! सात घोड्यांचे पाय गेले, खांब वाकला.

घोडेवाला आधी कंपनीच्या मागे लागला. कंपनीनं त्याला सात पत्रं पाठवली: ‘आपला विषय विचाराधीन आहे.’ आठव्या पत्रात लिहिलं, ‘वर्ष संपले, आता दावा लावता येत नाही, कळावे.’ त्यानं मालाचा विमाही उतरवला नव्हता. मग तो माझ्याकडे वळला. त्याचा करार कंपनीशी, कंपनीचा माझ्याशी. त्याचा आणि माझा संबंध एवढाच, की त्यानं माझा फोटो काढला! तरी दावा माझ्यावर. हरलो तर थोरली जप्त.

थोरली लग्नाच्या आधी एक वर्ष घरात आली. तुझी मामी तीस वर्षं धाकटी म्हणून नांदते आहे आणि अजून तक्रार नाही. ही क्रेन गेली तर मी घरी बसून काय उचलू, खुर्च्या?

सगळे कागद सोबत आहेत. फोन करू नकोस. डावा कान थोरलीच्या इंजिनानं नेला आणि उजव्याला फोन लावला की मला सगळ्यांचंच म्हणणं पटतं.

तुझा,
हुकूममामा

१५ जानेवारी

मामा!

सापडलं! नमस्कार नंतर, आधी हे वाच: सापडलं!

तू पाठवलेल्या गठ्ठ्यात जहाजाच्या मालपावतीची एक प्रत होती, बिल ऑफ लेडिंग म्हणतात ती. पुढच्या बाजूला ‘एक पेटी, घोडे’ एवढंच. मागच्या बाजूला मात्र मुंगी शाईत बुडून कागदावरून फिरायला गेली असावी, अशा अक्षरांत तेवीस कलमं छापली आहेत. ही कलमं माणसांनी वाचावीत म्हणून छापत नाहीत, वाचू नयेत म्हणून छापतात. मी भिंग घेऊन खिडकीशी बसले. अठरावं कलम आलं आणि अशी किंचाळले की शिपायाच्या हातून ट्रे पडला आणि आमचे साहेब जागे झाले. (दुपारी दोन ते चार ते ‘मसुद्यावर विचार’ करतात.)

ऐक. घोडेवाल्यानं कंपनीशी करार केला. त्या करारात कंपनीनं स्वतःसाठी एक ढाल ठेवली आहे: वर्षभरात दावा लावला नाही तर ती मोकळी. ते तुला माहीत आहे. पण गंमत अशी, की जगभर मालाच्या धन्यांनी हे ओळखलंय. कंपनी हाती लागत नाही ना, मग ज्यानं माल प्रत्यक्ष हाताळला त्याला धरा! त्या बिचाऱ्याचा धन्याशी करारच नाही, मग त्याला ढाल कुठली? म्हणून कंपन्यांनी पावतीच्या मागे एक ओळ छापायला सुरुवात केली. आपल्या पावतीवर ती आहे, मामा! ‘कंपनीचे नोकर, अडते आणि स्वतंत्र कंत्राटदार यांनाही हेच संरक्षण मिळेल, जणू त्यांनीच या करारावर सही केली आहे.’

स्वतंत्र कंत्राटदार म्हणजे तू! तू न केलेल्या सहीनं तुला वाचवलंय! घोडेवाल्यानं दावा लावला तेव्हा तेरा महिने झाले होते. वर्ष संपलं होतं, कंपनीसाठी संपलं तसं तुझ्यासाठीही संपलं.

साहेब म्हणाले, ‘बरं आहे.’ अकरा महिन्यांत त्यांनी केलेली ही माझी पहिली स्तुती. सुनावणी १० मार्चला, मीच उभी राहणार आहे. थोरलीला सांग, जागची हलू नकोस.

तुझी,
कलमबाई

ता. क. मामीलाही वाचून दाखव. तू तुझ्या सोयीचं तेवढंच वाचतोस.

२१ जानेवारी

चि. कलमबाईस,

शाब्बास! पत्र धक्क्यावर सगळ्यांना वाचून दाखवलं. मोजणीकारकुनाला दोनदा, कारण पहिल्यांदा त्याचा चेहरा हवा तेवढा फुलला नाही. थोरलीला नवा पिवळा रंग काढला आहे. तीन डबे लागले. धाकटी म्हणते, मला तीस वर्षांत असा एक हात बसला नाही.

एक गोष्ट मात्र खटकली. ‘नोकर, अडते आणि स्वतंत्र कंत्राटदार’! मला नोकरांच्या रांगेत, तेही तिसऱ्या नंबरावर? मी कोणाचा नोकर नाही. माझी क्रेन, माझा हुक, माझा हुकूम. तुमच्या त्या कलमाला सांग, आधी स्वतंत्र कंत्राटदार लिही, मग बाकीचे.

आणि तुझं काम मी आणखी सोपं करून ठेवलंय. समोरच्या वकिलाला परवा मीच एक खणखणीत पत्र धाडलं. लिहिलं: ‘पेटी सुखरूप उतरली होती. मी स्वतः “उतरला” म्हणालो, मोजणीच्या वहीत खूण आहे. उतरल्यानंतर माझा त्या पेटीशी काडीचा संबंध उरला नाही. पस्तीस वर्षांत माझ्या हुकावरून नारळाएवढी वस्तूही पडलेली नाही.’ खाली सही, सहीखाली शिक्का. कसं?

ड्रायव्हर हल्ली फार बोलत नाही. पत्र वाचून दाखवलं तर ‘हं’ म्हणाला आणि इंजिन पुसायला गेला. वय झालं त्याचं.

तुझा,
हुकूममामा

३० जानेवारी

मामा,

कसं म्हणून विचारतोस? मी खुर्चीत बसून वाचत होते, वाचून झालं तेव्हा उभी होते. मधे कधी उठले ते आठवत नाही.

कोणी तुला पत्र लिहायला सांगितलं? आजारी माणूस डॉक्टरला डावलून समोरच्या दुकानदाराकडून औषध आणतो, तसं केलंस तू! समोरच्या वकिलांनी तुझं ते खणखणीत पत्र कोर्टात जोडलं आहे. काल जिन्यात भेटले तेव्हा मला म्हणाले, ‘मामांना धन्यवाद सांगा.’ आणि हसले. 

चूक माझीही आहे. पावतीची प्रत घडी घालून आली होती. अठराव्या कलमाची शेवटची ओळ घडीत गेली होती आणि मी आनंदाच्या भरात घडी नीट उलगडलीच नाही. त्या कलमाला शेपूट आहे, मामा.

शेपटीत काय लिहिलंय ते मी तुला सांगणार नाही. मुद्दाम सांगणार नाही. सांगितलं तर तुझं उत्तर त्या शेपटीला बघून येईल आणि मला ते नको आहे. फक्त एका प्रश्नाचं उत्तर लिही, का म्हणून विचारू नकोस:

तू ‘उतरला’ म्हणालास, त्या क्षणी पेटी जमिनीला टेकलेली होती का?

फायदा-तोटा बघू नकोस, जे घडलं तेवढंच लिही. आणि शहाण्यासारखा ऐक, आता आणखी कोणालाही पत्र पाठवू नकोस. शिक्का मामीकडे दे.

कलमबाई

५ फेब्रुवारी

चि. सौ.— नाही, तू आता वकील. वकीलसाहेबांस,

पस्तीस वर्षं मी एक शब्द बोलतोय. त्या शब्दावर लोकांनी पेट्यांखालून हात काढले, त्या शब्दावर पेट्यांखाली हात घातले. एकाही माणसाचं बोट माझ्यामुळे चेमटलेलं नाही. आणि माझ्या बहिणीची मुलगी, जिला मी थोरलीच्या केबिनमध्ये मांडीवर बसवून दांडा धरायला शिकवला, ती मला विचारते, टेकली होती का!

उतरला म्हणजे उतरला.

थोरलीला ग्रीस लावलं. हवा बरी आहे. शिक्का माझ्याकडेच आहे.

मामा

९ फेब्रुवारी

लाडके,

हे पत्र यांना न सांगता लिहिते आहे. हे धक्क्यावर गेले आहेत आणि शिक्का माझ्या पिठाच्या डब्यात आहे. सापडत नाही म्हणून तीन दिवस चिडचिड चालू आहे.

तुझा प्रश्न आला तेव्हा यांनी कागद चारदा वाचला आणि चष्मा पुसत बसले. मग जे उत्तर धाडलं ते मला कळलं, कारण लिहिताना मोठ्यानं बोलतात. ऐकू येत नाही ना, त्यांना वाटतं मनातच बोलतोय.

आता मी सांगते ते तुझ्या पोटात ठेव. त्या दिवसापासून यांनी तो शब्द उच्चारलेला नाही. पंधरा महिने झाले! पेटी टेकते, हे वाकून चारी बाजूंनी बघतात, मग नुसता हात वर करतात. शब्द ड्रायव्हर म्हणतो, केबिनमधून. घरी मी एकदा सहज म्हटलं, ‘पावसाचं पाणी गच्चीवरून उतरलं का बघा,’ तर जेवता जेवता उठून गेले.

मला एकदाच सांगितलं. तो घोडेवाला कॅमेरा डोळ्याला लावून म्हणत होता, ‘मामा, इकडे बघा, असाच हात ठेवा, वा!’ आयुष्यात यांचा कोणी असा फोटो काढला नव्हता. आमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा यांची मान अर्धी कापली गेली आहे. हे फुगले, पेटीवर पेरं ठोकली, कॅमेऱ्याकडे बघत ओरडले. पेटी अजून जमिनीपासून वीतभर वर होती गं! शब्द ऐकून ड्रायव्हरनं दोर सोडला. त्याला केबिनमधून पेटीचं बूड दिसत नाही, तो यांच्या शब्दावर चालतो. पेटी एका कोपऱ्यावर आपटली आणि कलंडली. बूड चांगलं ठणठणीत होतं.

ड्रायव्हरला सगळं ठाऊक आहे. लोक त्यालाच घाईचा म्हणतात, तो ऐकून घेतो. म्हणून हल्ली ‘हं’ एवढंच बोलतो.

आता तू हुशार आहेस, काहीतरी कर, पण हे बाहेर येऊ देऊ नकोस. पेटी हुकावरून पडली असं सिद्ध झालं तर थोरली जाईलच, आणि तिच्या पाठोपाठ हेही अंथरुणाला खिळतील. खोटं कसं टिकवायचं ते तुम्हा वकिलांना शिकवत असतीलच.

तुझी,
मामी

१४ फेब्रुवारी

मामी! आणि मामा, कारण हे पत्र तुम्ही दोघांनी मिळून वाचायचं आहे. मामी, माफ कर, तुझं गुपित मी फोडते आहे. दोन मिनिटांत तूच म्हणशील, बरं केलं.

मामा, बस. चष्मा पुसलेला आहे ना?

आता शेपूट सांगते. तुम्ही दोघांनी आपापली उत्तरं दिली आहेत, शेपूट माहीत नसताना दिली आहेत, म्हणून आता सांगायला हरकत नाही. ढाल कंत्राटदारालाही मिळते, पण कधीपासून कधीपर्यंत? ‘माल हुकाला लागल्यापासून हुकावरून उतरेपर्यंत.’ बस, एवढंच. माल हुकावर आहे तोवर सागरी प्रवास चालू, करार चालू, ढाल चालू. माल जमिनीला टेकला, हुक ढिला झाला, की प्रवास संपला आणि ढालही संपली.

कळतंय का, मामा? तू शिक्का मारून जे लिहून दिलंस, की पेटी उतरली होती आणि मग पडली, त्यानं तू स्वतःच्या हातानं ढाल फेकून दिलीस! समोरचे वकील म्हणूनच हसत होते. पेटी उतरलेली असेल तर वर्षाची अट तुला लागू नाही, मग थोरली त्यांची. आणि पेटी हुकावर असेल, तू शब्द आधी उच्चारला असशील, तर घोडेवाल्याचा दावा तिथल्या तिथे संपतो!

पस्तीस वर्षांत एकदा चुकलास, आणि थोरलीला वाचवणारी तीच एक चूक आहे. मामी, तू जे लपव म्हणालीस तेच उघडं करायचं आहे!

ते म्हणतील, मामा आता सोयीनं पलटले. म्हणतील म्हणजे काय, त्यासाठीच त्यांना फी मिळते. म्हणून काल मी कोर्टात जाऊन त्यांचेच कागद उपसले. घोडेवाल्यानं तो फोटो जोडला आहे. पेटी धडधाकट आली होती हे दाखवायला. तू मधोमध, मामा, तोंड उघडं, पेरं पेटीवर, फार झोकात आलायस. सगळे तुलाच बघतात. मी भिंगातून पेटीखाली बघितलं.

पेटीखाली एक कबुतर उभं आहे.

पेटी टेकलेली असती तर त्या कबुतराचा कागद झाला असता. ते मान तिरकी करून उभं आहे आणि त्याच्या मागे उन्हाची पट्टी आहे. मी तीनदा पाहिलं, मग साहेबांना दाखवलं. साहेब पूर्ण जागे झाले.

पण नुसतं कबुतर पुरणार नाही. ते साक्षीला येणार नाही आणि तुझं शिक्क्याचं पत्र तर तिथे पडलंच आहे. तुला उभं राहून सांगावं लागेल. समोर धक्क्यावरची अर्धी माणसं बसलेली असतील. ड्रायव्हर असेल. मी बळजबरी करणार नाही. तू ‘उतरला’वर ठाम राहिलास तर मी तो प्रश्न तुला विचारणारच नाही, कारण जे खोटं आहे हे मला माहीत आहे ते मी तुझ्या तोंडून वदवून घेणार नाही. मग आपण हरू. थोरली जाईल आणि तुझी पस्तीस वर्षं राहतील. दोन्ही राखायची सोय कलमात नाही.

काय ते तू ठरव. लवकर कळव.

कलमबाई

२० फेब्रुवारी

चि. कलमबाईस,

कबुतर खरं आहे. पडायच्या आधी उडालं, ते मी पाहिलं. त्यानंतर पंधरा महिने रोज मनात म्हणायचो, चला, निदान ते तरी वाचलं.

येतो.

मामा

११ मार्च

मामी गं,

मामानं तुला येऊ दिलं नाही म्हणून मी तुला सगळं लिहायचं कबूल केलं होतं. घाईत लिहिते आहे, अक्षर समजून घे.

कोर्टाची खोली छोटी, बाक चार, आणि धक्क्यावरची माणसं निदान तीस. भिंतीला टेकून, खिडकीत, एकजण कागदांच्या कपाटावर. मोजणीकारकून वहीसकट. ड्रायव्हर मागच्या बाकावर, टोपी गुडघ्यावर. घोडेवाला पुढे, कोटाला इस्त्री, चेहरा पडलेला. मला वाटलं होतं बेरकी माणूस असेल. मुलांना गरगर फिरवणाराच चेहरा आहे त्याचा.

न्यायाधीशबाई कडक. समोरच्या वकिलांनी मामाचं पत्र वाचलं, अगदी अभिनयासकट, ‘नारळाएवढी वस्तूही’ वर थांबून. सगळे हसले. मामाचा कान लाल झाला, ऐकू येतो तो.

मग मी उठले. म्हटलं, ‘तुम्ही “उतरला” म्हणालात तेव्हा पेटी कुठे होती?’

मामा हाताच्या पेरांकडे बघत काहीतरी पुटपुटला.

‘मोठ्यानं बोला,’ न्यायाधीशबाई म्हणाल्या.

‘वर होती,’ मामा म्हणाला.

‘किती वर?’

‘वीतभर.’ आणि हात पसरून वीत दाखवली. ‘माझी वीत. वकीलसाहेबांची असेल तर थोडी कमी.’

न्यायाधीशबाईंनी ते लिहून घेतलं.

‘मग तुम्ही उतरला का म्हणालात?’

‘फोटो निघत होता, बाई.’

समोरचे वकील ताडकन उभे! ‘साक्षीदार सोयीनं पलटतो आहे! याला कोणीतरी पढवलंय!’ आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पढवणाऱ्यांची आजी आहे.

मामा त्यांच्याकडे वळला. म्हणाला, ‘वकीलसाहेब, मला पढवायचं असतं तर मी पत्र लिहिलं असतं का? या पोरीनं मला प्रश्न विचारला तेव्हा मी तिच्यावर रुसलो. पस्तीस वर्षांचा शब्द आहे. सोयीसाठी कोणी असला शब्द सोडतो का? ड्रायव्हरला विचारा. त्यानं दोर माझ्या शब्दावर सोडला. लोक त्याला घाईचा म्हणतात, मी म्हणू दिलं. पंधरा महिने म्हणू दिलं.’

मागचा बाक करकरला. ड्रायव्हर उभा राहिला होता. त्यानं टोपी डोक्यावर घातली. न्यायाधीशबाईंनी ‘टोपी काढा’ म्हटलं, तेव्हा काढली.

मग मी फोटो पुढे केला, भिंग पुढे केलं. न्यायाधीशबाईंनी बराच वेळ पाहिलं. विचारलं, ‘हे काय आहे?’

‘कबुतर, बाई.’

‘ते दिसतंय. जिवंत आहे?’

‘त्या क्षणी होतं.’

‘त्यानंतरही होतं,’ मामा मधेच ओरडला, ‘उडालं ते!’

न्यायाधीशबाई हसल्या, मामी! त्या हसतात असं आमच्या साहेबांनी तीस वर्षांत ऐकलेलं नाही.

दुपारी निकाल. पेटी पडली तेव्हा हुकावर होती, म्हणून प्रवास चालू होता. प्रवास चालू, म्हणून कंपनीची ढाल स्वतंत्र कंत्राटदारालाही लागू. वर्ष उलटून गेलेलं, म्हणून दावा फेटाळला. ढाल, हुक, वर्ष, सगळं माझ्याच तोंडचं त्यांनी वाचलं आणि मला ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं वाटलं. थोरली आपली आहे! मी जिन्यावरून दोन दोन पायऱ्या उतरले, काळा कोट घालून!

खाली पाहते तर मामा नाही. तीस माणसं त्याला शोधतायत, खांद्यावर घ्यायला. तो मागच्या अंगणात घोडेवाल्याच्या शेजारी बाकावर बसला होता. दोघंही समोर बघत. मी जवळ गेले तेव्हा घोडेवाला म्हणत होता, ‘कायद्यानं तुमचं काही देणं नाही, कळलं मला. कंपनीनं वर्षभर विचार केला आणि मी वाट पाहिली, वेडा मी.’ आणि मामा म्हणाला, ‘कायद्याचं ती पोरगी बघते. खांब सरळ करून मिळेल का कुठे? मिळाला तर उभा मी करून देतो. थोरली घेऊन येतो. नाही म्हणू नका, मला दुसरं काही उचलता येत नाही.’

आमचे साहेब म्हणतात असं काही बोलायचं नसतं, उगाच जबाबदारी कबूल केल्यासारखं होतं. मी म्हटलं, साहेब, जाऊ द्या, आता प्रवास संपलाय.

तुझी,
कलमबाई

२ मे

चि. कलमबाईस,

सुताराला सात घोड्यांचे मोडलेले चौदा पाय नव्यानं करायला सहा आठवडे लागले. त्यातला एक पाय उजव्याऐवजी डावा झाला आहे, पण तो घोडा आतल्या रांगेत आहे, कोणाला कळत नाही. खांब लोहारानं सरळ केला. आज मंडईमागच्या मोकळ्या जागेत उभा केला. धक्क्यावरची सगळी आली होती, पोरंबाळं घेऊन.

थोरली पिवळीधमक. केबिनमध्ये ड्रायव्हर. येताना मला म्हणाला, ‘मालक, आज शब्द तुम्ही म्हणा. माझा घसा बसलाय.’ त्याचा घसा चांगला आहे. सकाळीच पानवाल्याशी भांडताना ऐकला.

खांब खाली येत होता. घोडेवाला कॅमेरा घेऊन उभा, पण डोळ्याला लावेना. म्हटलं, ‘काढा की!’ म्हणाला, ‘आधी उतरू दे.’ शहाणा झाला माणूस. मी गुडघे टेकले, धोतराचं काय व्हायचं ते झालं. खांबाच्या बुडाखालून चारी बाजूंनी तळवा फिरवला. नख शिरत नव्हतं. तरी पुन्हा एकदा फिरवला. मग पेरांनी तीनदा ठोकलं. आणि दीड वर्षानं तो शब्द ओरडलो.

मंडईतली कबुतरं एकदम उडाली, कलमबाई! माझा आवाज आहे तसाच आहे.

मोजणीकारकून वही आणायला विसरला होता, त्यानं तळहातावर खूण केली.

हे पत्र तिथल्याच बाकावर बसून लिहितो आहे, कारण घरी जाता येत नाही. तुझी मामी घोड्यावर बसली आहे. बाहेरच्या रांगेत, पांढऱ्या घोड्यावर, पदर खोचून. हा पाचवा फेरा. पोरं रांगेत खोळंबली आहेत, घोडेवाला हात जोडून उभा आहे. मी म्हटलं, ‘अगं, झालं की, उतर आता. उतरलीस का?’

तर गोल फिरता फिरता काय म्हणाली माहीत आहे? ‘उतरले की मी सांगेन. तुम्ही आधी ओरडू नका!’

तुझा,
हुकूममामा